चाक हलण्याआधीचा वेळ



रात्री अकरा वाजता वस्तीवरच्या एका माणसाच्या छातीत कळ निघते आणि पहाटे तीनला तो सरकारी दवाखान्याच्या पायरीवर पोचतो. उशीर का झाला असं विचारलं, तर बरोबरची माणसं सांगतात, रस्ता खराब होता, गाडी मिळेना. रस्ता खराब असतोच. पावसाळ्यात काळ्या रानातली पाणंद म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण हिशेब मांडून बघा. शिराढोण घ्या, ईटकूर घ्या, येरमाळा घ्या. एकदा गाडी डांबरी सडकेला लागली की कळंबच्या उपजिल्हा रुग्णालयात यायला तास लागत नाही. मग चार तासांतले उरलेले तीन तास गेले कुठं? ते घरात गेले. कुणी छाती चोळली, कुणी सोडा पाजला. थोरल्या भावाचा फोन लागेना. पुण्याला असलेल्या मुलाला एवढ्या रात्री उठवायचं की नको, पैसे किती न्यायचे, बरोबर कोण जाणार, दवाखान्यात डॉक्टर असतील का, यावर बोलणं झालं. शेवटी कुणीतरी म्हणालं, सकाळी बघू. आज मला बोलायचं आहे ते या तीन तासांबद्दल. गाडीचं चाक हलण्याआधी जो वेळ जातो, त्यावर आपला सगळ्यात जास्त ताबा असतो, आणि तोच आपण सगळ्यात सहज घालवतो.

ही माझ्या एकट्याची तक्रार नाही. बाळंतपणात बायका का दगावतात याचा शोध घेताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ साली एक मांडणी केली. त्यांनी तीन उशीर सांगितले. पहिला, न्यायचं ठरवायला होणारा. दुसरा, दवाखाना गाठायला होणारा. तिसरा, दवाखान्यात पोचल्यावर खरा उपचार सुरू व्हायला होणारा. मांडणी साधी आहे, म्हणूनच ती जगभर टिकली. तिच्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. हे तीन उशीर एकमेकांत गुंतलेले असतात. मागच्या वेळी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर नव्हते, औषध बाहेरून आणायला लावलं, तिथून पुढं धाडलं, हा अनुभव घेतलेलं घर पुढच्या वेळी ठरवायलाच वेळ लावतं. तेव्हा उशिरा आलेल्या माणसाला अडाणी म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. त्याच्या घरातल्या चर्चेत आमच्या दवाखान्याचा इतिहासही बसलेला असतो.

आता सापाकडं येतो, कारण आपल्या भागात हा विषय टाळून तातडीच्या उपचारांवर बोलणं म्हणजे मांजरा न ओलांडता केजला जाण्यासारखं आहे.

शेतीच्या पंपाची वीज बऱ्याचदा रात्री येते. ज्वारीला, उसाला पाणी द्यायला माणूस अंधारात अनवाणी दारं धरतो. सोयाबीनच्या काढणीत हात थेट बुडख्याशी जातो. उसाच्या फडात तोड चालू असते आणि तोडकऱ्यांच्या कोपीत माणसं जमिनीवरच अंथरतात. साप आपल्याला शोधत येत नाही, तो उंदरामागं येतो, आणि आपण त्याच्या वाटेत असतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. हा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत झालेले आहेत, आणि पुष्कळसे दवाखान्याबाहेर.

साप चावला, 'पान लागलं', असं कळल्यावर गावात काय होतं? माणसाला मारुतीच्या देवळात आणून निजवतात. लिंबाचा पाला चघळायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर चढलंय. कुणी दोरीनं करकचून बांधतं, कुणी ब्लेडनं चिरा देतं. मंत्र जाणणारा येतो. आणि खरोखर बरीच माणसं उठून घरी जातात. म्हणून तर त्या माणसावर विश्वास बसतो. पण पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष टोचतोच असं नाही. ही माणसं देवळात नेली नसती तरी वाचणारच होती. ज्याच्या अंगात खरं विष गेलं, त्याचे मात्र त्या देवळातले दोन तास परत मिळत नाहीत.

सगळ्यात फसवा आहे तो मण्यार. नागाचा दंश दुखतो, सुजतो. घोणस चावली तर भयंकर वेदना होतात, पाय फुगतो, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं. मण्यार रात्री अंथरुणात येतो, आणि त्याचा दंश कधीकधी माणसाला जागसुद्धा आणत नाही. सूज नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं होतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. घरचे म्हणतात रात्रीचं खाणं बाधलं. थोड्या वेळानं बोलणं जडावतं, मग श्वास. खाली झोपलेल्या माणसाला, विशेषतः पावसाळ्यात, पहाटे उठल्यावर पोटदुखीबरोबर पापण्या मिटू लागल्या, तर तो मण्यारच समजून निघा. चूक ठरली तर एक हेलपाटा पडेल, एवढंच.

सर्पविषावरचं औषध एकच आहे, प्रतिसर्पविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर ते एकच इंजेक्शन चालतं. त्यामुळं साप मारून पिशवीत घालून आणण्यात वेळ घालवू नका, त्यात दुसरा माणूस चावला जातो. आपल्याकडं मुंबईच्या हाफकिन संस्थेनं हे औषध बनवलं, घोड्याच्या रक्तापासून. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं. त्याचं काम नीट समजून घ्या, म्हणजे घाईचं कारण कळेल. प्रतिसर्पविष रक्तात फिरत असलेल्या विषाला पकडतं आणि निकामी करतं. जे विष आधीच मज्जातंतूच्या टोकाला जाऊन बसलं, मूत्रपिंडाला इजा करून गेलं, ती इजा ते भरून काढू शकत नाही. उशिरा आलेल्या घोणसीच्या रुग्णाला औषध मिळतं आणि तरीही डायलिसिसवर जावं लागतं, ते यामुळं. विष तेवढंच, औषध तेवढंच, फरक पडतो तो मधल्या तासांनी.

चावल्यावर करायचं काय? माणसाला पळू देऊ नका, चालवू नका. हातपाय काठीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा. अंगठी, जोडवी, बांगड्या लगेच काढा, कारण सूज आल्यावर त्या रुततात. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. आणि निघायचं. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतील. ते गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात आहे. ही तपासणी करायला मशीन लागत नाही, वीज लागत नाही. श्वास अडखळायला लागला तर तोंडावर मास्क लावून रबरी फुग्यानं, आम्ही त्याला अंबू बॅग म्हणतो, हातानं श्वास देत रुग्णाला अंबाजोगाईला किंवा लातूरला व्हेंटिलेटरपर्यंत नेता येतं. वाटभर तो फुगा दाबणारा माणूस म्हणजे त्या रुग्णाचा श्वास. मी ह्याला वैद्यकातलं सगळ्यात थोर काम मानतो आणि त्याचा सत्कार कुठं झालेला मी पाहिला नाही.

इथं डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा हा मुलगा, म्हणजे आपल्याच मराठवाड्याचा. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट माणसं, लहान मुलं मरत होती. उलट्या, अंग घामानं चिंब, हातपाय गार, आणि मग फुप्फुसात पाणी भरून श्वास कोंडणं. गंभीर रुग्णांत शंभरातले तीसहून अधिक दगावत. बावस्कर रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. विंचवाचं विष शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदयावर भार टाकतं, हे त्यांनी ओळखलं. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते अनुभव प्रसिद्ध केले. मृत्यूचं प्रमाण बोटांवर मोजण्याइतकं खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती उशिराच मिळाली असं माझं मत आहे. त्यांच्या कामात आपल्यासाठी मोठी गोष्ट अशी, की त्यांनी रुग्णाला लवकर शहरात न्यायचा उपाय शोधला नाही. त्यांनी उपचारच आरोग्य केंद्राच्या टेबलावर आणून ठेवला. वेळ वाचवायचे दोनच मार्ग आहेत. माणूस उपचाराकडं लवकर न्यायचा, नाहीतर उपचार माणसाकडं आणायचा.

दुसरा मार्ग हृदयविकारातही असाच सापडला. १९६६ साली बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पॅन्ट्रिज यांनी हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र थेट रुग्णवाहिकेत बसवलं. हृदयविकाराचे पुष्कळ रुग्ण दवाखान्यात पोचण्याआधीच, पहिल्या तासाभरात मरतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. जगभरच्या आजच्या रुग्णवाहिका त्या गाडीच्या वारस आहेत. आपल्या १०८ ची सेवा महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ गाड्यांत गंभीर रुग्णासाठीची पूर्ण सामग्री होती आणि गाडीत डॉक्टर होता. गाडीतल्या डॉक्टरला महत्त्व आहे, कारण त्याच्यामुळं उपचार दवाखान्याच्या दारापाशी सुरू न होता तुमच्या दारापाशी सुरू होतो.

छातीतल्या कळेबद्दल मी घसा कोरडा होईपर्यंत बोलायला तयार आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकली की तिच्या पलीकडचा स्नायू मरायला लागतो. एकदम मरत नाही, तासातासानं मरतो. १९८८ साली सतरा हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन, दोन्ही मिळून तपासली गेली. कळ सुरू झाल्यापासून पहिल्या चार तासांत ही दोन्ही औषधं मिळालेल्यांत मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. पाच ते बारा तासांनी मिळालेल्यांत फायदा एक तृतीयांशाच्या आसपास राहिला. म्हणजे 'सकाळी बघू' या दोन शब्दांची किंमत मोजली गेलेली आहे. ॲस्पिरिन तर गल्लीतल्या औषधाच्या दुकानात काही रुपयांत मिळते. कळ छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखी असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटला असेल, तर पित्त समजू नका. मधुमेही माणसाला आणि बायकांना कित्येकदा कळ येतच नाही. नुसती धाप लागते, मळमळतं, थकवा येतो. आमच्याकडं आल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे. तुम्ही तो मागा. मागण्यात संकोच नको, तो तुमचा हक्क आहे.

हृदय बंदच पडलं तर मात्र १०८ चीही वाट बघता येत नाही. माणूस कोसळला, हाक मारून उत्तर नाही, श्वास नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. यात काहीच केलं नाही, तर जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटवतं. इथल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना मी हात जोडून सांगतो, तुमच्याकडच्या प्रत्येक मुलामुलीला हे एका दुपारी शिकवता येईल. कवायतीच्या तासाला शिकवा.

अंगावरून वारं गेलं, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात गळून पडला, तर घड्याळ बघा. मेंदूच्या नळीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जीव घेईल. घरी ॲस्पिरिन देऊ नका, पाणीही पाजू नका, ते श्वासनळीत जाईल. अशा झटक्यात दर मिनिटाला सरासरी एकोणीस लाख मेंदूपेशी मरतात असा हिशेब २००६ साली मांडला गेला. झोपेतून उठल्यावर हे दिसलं, तर माणूस शेवटचं कधी धड दिसलं होतं ती वेळ डॉक्टरांना सांगा, उठल्याची नको.

आता ज्याबद्दल आपल्या जिल्ह्यात आवाज खाली करून बोलतात, त्या गोष्टीबद्दल. घरातल्या कुणी विषारी औषध घेतलं, तर पहिली भीती पोलिसांची वाटते. केस होईल, नाव खराब होईल, म्हणून आधी गावातल्या डॉक्टरकडं, मग पाहुण्यांच्या ओळखीच्या दवाखान्यात, असं तास तास फिरणं होतं. काही कीटकनाशकांवर उतारा असतो, पण तो वेळेत द्यावा लागतो. कायदा तुम्हाला माहीत असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारनं त्याला उपचार आणि आधार द्यायचा. सरळ सरकारी दवाखान्यात आणा. औषधाची बाटली बरोबर आणा. आणि मनात असे विचार घोळत असतील त्यानं किंवा त्याच्यासाठी घरच्या कुणीही १४४१६ हा टेलिमानस या मदतसेवेचा फोन लावावा, तो दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

रस्त्यावरच्या अपघाताचंही तेच. येरमाळ्यावरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, गाळपाच्या दिवसांत रात्री उसाचे ट्रॅक्टर बिनदिव्याचे चालतात. जखमीला उचललं तर आपणच कोर्टात खेटे घालू, ही भीती माणसाचे हात बांधते. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी असो की खासगी, कुठल्याही डॉक्टरनं पोलिसांच्या कागदपत्रांसाठी थांबायचं नाही, आधी जीव वाचवायचा. २०१६ साली त्याच न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम येऊन ते पक्कं झालं. तुम्ही जखमीला आणून सोडा आणि नाव न सांगता निघून जा. कुणी अडवू शकत नाही.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात तर धडधाकट बाई दोन तासांत जाऊ शकते. रक्त किती गेलं हे नजरेनं सांगताना आम्ही डॉक्टर, परिचारिका सगळेच कमी धरतो. २०२३ साली आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रक्त मोजायची खुणा केलेली पिशवी बाळंतिणीखाली ठेवली आणि ठरलेले सगळे उपचार एकदमच सुरू केले. गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी कमी झाले. प्लास्टिकच्या एका पिशवीनं ठरवण्यातला उशीर मिटवला. पहिला उशीर फक्त घरातच होतो असं नाही, प्रसूतिगृहातही होतो.

म्हणून दवाखान्याकडंही बोट दाखवतो. सर्पदंशाचा रुग्ण आला आणि प्रतिसर्पविष संपलेलं आहे, रात्री ईसीजी काढणारं कुणी नाही, हे चालणार नाही. पुढं पाठवायचं असेल तर चिठ्ठीवर कळ कधी सुरू झाली, कोणतं औषध किती वाजता दिलं हे लिहा. ज्या ठिकाणी पाठवताय तिथं आधी फोन करा. धाराशिवला आता वैद्यकीय महाविद्यालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय कित्येक दशकं आहे, लातूर आहे, बार्शी आहे. चारही दिशांना मोठे दवाखाने असणं हे कळंबचं नशीब आहे, पण दारोदार फिरवलेला रुग्ण चारही दिशांना वेळ गमावतो. कुठल्या आजाराला कुठं, हे आधीच ठरलेलं हवं.

आणि गावांनी काय ठरवायचं? येत्या ग्रामसभेत एक यादी करा. रात्री गाडी काढायला कोण तयार आहे, त्याचे दोन-तीन फोन, आणि डिझेलचे पैसे ग्रामपंचायतीनं नाहीतर बचत गटानं बाजूला ठेवायचे. वस्तीवरचा रुग्ण डांबरी सडकेपर्यंत बाजेवर आणायचा आणि गाडीला कंदील-बॅटरी घेऊन कोण उभं राहणार, ते नेमायचं. ती यादी शाळेच्या, देवळाच्या भिंतीवर रंगवायची. तिच्याखाली सगळ्यात मोठ्या अक्षरात १०८. आणि एक ठराव सुनांसाठी करा. नवरा कारखान्यावर, सासरा पंढरीला, घरात तान्हं लेकरू नाहीतर सासू तळमळतेय, अशा वेळी तिनं फोन लावायला कुणाची परवानगी घ्यायची नाही. फोन फुकट आहे, गाडी फुकट आहे. तिनं फक्त गावाचं नाव, वस्तीची खूण आणि काय होतंय ते सांगायचं आणि फोन ठेवायचा नाही. पलीकडून विचारतील तेवढ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. गाडी तोवर निघालेली असते.

प्रश्न असतील तर आता विचारा. गेल्या पावसाळ्यात कुणाच्या घरी काय घडलं ते सांगितलंत, तर मला अधिक आवडेल.